प्रत्ययावरून प्रसरण : लांजी परिसराच्या एका फाइलीची कथा

बालाघाट जिल्ह्यातील लांजी हे गाव तेथील जुना किल्ला आणि कोटेश्वराचे मंदिर यांमुळे परिचित आहे. धानाची शेती, लहानमोठे तलाव आणि बोड्या यांवर येथील जीवन उभे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भातील आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. लांजी आणि सीमेपलीकडील आमगाव, सालेकसा हा परिसर यांचा संबंध मात्र तुटला नाही. बाघ नदी काही अंतर दोन राज्यांची सीमा होऊन वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. पावसाळ्यात तिचे पाणी चढले, तर दोन्ही काठांवरील गावांना त्याची झळ लागते. म्हणूनच कोणती जमीन उंच, कोणती सखल आणि पाण्याचा ओघ कोणीकडे, हे प्रश्न या भागात केवळ अभ्यासाचे नाहीत.

या प्रश्नांचा प्राथमिक विचार करण्यासाठी आज संगणकावर भूपृष्ठाच्या उंचीची माहिती विनामूल्य उपलब्ध आहे. तथापि ही माहिती ज्या फाइलीत येते ती बहुधा आकुंचित, म्हणजे दाबून लहान केलेल्या स्वरूपात असते. ती उघडण्याचे काम संगणक पुष्कळदा आपणहून करतो आणि त्यासाठी तो फाइलीच्या नावाच्या शेवटी असलेल्या प्रत्ययाकडे पाहतो. हा प्रत्यय काय सांगतो, संगणकाला त्याविषयीचा नियम कसा घालून द्यावा आणि त्या नियमावर कोठवर विश्वास ठेवावा, याची माहिती कार्यालयात संगणक वापरणाऱ्या प्रत्येकास असणे हितावह आहे.

एका नावात तीन गोष्टी

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भूभागाची उंची मोजली. उत्तर अक्षांश ६० पासून दक्षिण अक्षांश ५६ पर्यंतचा पट्टा या मोजणीत आला. मिळालेली माहिती एक अंश लांब व एक अंश रुंद अशा चौकोनांत विभागण्यात आली असून प्रत्येक चौकोनाची एक स्वतंत्र फाइल आहे. चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे अक्षांश व रेखांश हेच तिचे नाव.

लांजी हे गाव उत्तर अक्षांश २१ आणि २२ यांच्या व पूर्व रेखांश ८० आणि ८१ यांच्या दरम्यान येते. त्यामुळे लांजीच्या चौकोनाचे नाव ‘एन२१ई०८०’ असे आहे. यातील ‘एन’ व ‘ई’ ही उत्तर आणि पूर्व या दिशांची इंग्रजी आद्याक्षरे होत. याच एका चौकोनात बालाघाट शहर, महाराष्ट्रातील गोंदिया व आमगाव आणि छत्तीसगडमधील डोंगरगड ही ठिकाणेही येतात. तीन राज्यांचा भूभाग एका फाइलीत सामावला आहे.

आकुंचित स्वरूपात या फाइलीचे पूर्ण नाव ‘एन२१ई०८०.एचजीटी.जीझेड’ असे असते. मूळ नाव अर्थातच रोमन लिपीत असते. या नावाचे तीन भाग पडतात. पहिला भाग स्थान सांगतो. दुसरा, ‘एचजीटी’, फाइलीत उंचीचे आकडे आहेत असे सांगतो. तिसरा, ‘जीझेड’, ती ‘जीझिप’ या पद्धतीने आकुंचित केलेली आहे असे सांगतो. मराठी व्याकरणात ‘घरातल्यांनाही’ हा शब्द सोडवताना शेवटच्या प्रत्ययापासून आरंभ करून मूळ शब्दापर्यंत यावे लागते. येथेही तसेच आहे. सर्वांत शेवटचा प्रत्यय प्रथम उतरवायचा, मग त्याच्या आधीचा पाहायचा.

आकुंचन म्हणजे काय

आकुंचन म्हणजे माहिती गाळणे नव्हे. उंचीच्या फाइलीत शेजारशेजारचे आकडे बरेचदा सारखे असतात. धानाच्या सपाट बांध्यांत एकच आकडा अनेकदा पुनःपुन्हा येतो. जीझिप पद्धतीत अशी पुनरावृत्ती हेरून ‘मागे अमुक ठिकाणी आलेला मजकूर येथे पुन्हा घ्यावा’ अशी संक्षिप्त खूण लिहिली जाते. या युक्तीचा पाया झिव्ह आणि लेंपेल या दोघा शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये घातला. याशिवाय वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड व क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देण्याची, हफमन यांनी १९५२ मध्ये मांडलेली रीतही तिच्यात वापरली जाते. प्रसरण केल्यावर मूळ फाइल अक्षरशः जशीच्या तशी परत मिळते.

जीझिप ही आज्ञावली ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी तयार केली व ती १९९२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या आधी, १९८९ मध्ये, फिल कॅट्झ यांची ‘झिप’ पद्धत आली होती. या दोहोंतील भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जीझिप एकाच फाइलीला आकुंचित करते, तर झिपमध्ये अनेक फाइलींचे एक गाठोडे बांधता येते. म्हणून ‘जीझेड’ प्रत्यय उतरवला की एक फाइल हाती येते. ‘झिप’ उघडल्यावर मात्र आत काय काय आहे, हे पाहावे लागते.

संगणक प्रत्यय कसा वाचतो

कार्यालयातील आवक विभागाचे उदाहरण घेता येईल. तेथील लिपिक टपालाचा प्रत्येक लखोटा वाचून पाहत नाही. लखोट्यावरील खुणेवरून कोणता लखोटा कोणत्या शाखेकडे जायचा, हे तो ठरवतो. त्यासाठी त्याच्यापाशी एक ठरलेली यादी असते. ‘गोपनीय’ असा शिक्का असलेला लखोटा तो उघडतच नाही.

प्रत्ययावरून प्रसरण करणाऱ्या आज्ञावलीपाशीही अशीच यादी असते. याचा चांगला नमुना ‘ईमॅक्स’ या जुन्या व अद्याप वापरात असलेल्या मजकूर-संपादकात पाहावयास मिळतो. त्यात आपोआप प्रसरणाची सोय आहे. आकुंचित फाइल उघडली की तिच्यातील मूळ मजकूर पडद्यावर दिसतो आणि बदल करून फाइल जतन केली की ती पुन्हा आकुंचित होते. वापरणाऱ्यास मधल्या क्रियेची जाणीवही होत नाही. या सोयीमागे एक कोष्टक असते. त्यातील प्रत्येक ओळ मुख्यतः चार प्रश्नांची उत्तरे देते : फाइलीचे नाव कोणत्या प्रत्ययाने संपत असेल तर हा नियम लागू व्हावा; प्रसरणासाठी कोणती आज्ञावली चालवावी; जतन करताना आकुंचनासाठी कोणती चालवावी; आणि हा प्रत्यय वगळून उरलेल्या नावावरून पुढील प्रकार ठरवावा किंवा कसे.

यातील चौथा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘जीझेड’ वगळल्यावरच ‘एचजीटी’ दिसतो. तो दिसला तरच ही फाइल उंचीची आहे, हे पुढील आज्ञावलीला कळते. बाहेरचा प्रत्यय न उतरवता आतील प्रकार ओळखता येत नाही.

नियम घालून देताना

अशा कोष्टकात नवीन ओळ घालताना काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य असे की, नियम नावाच्या शेवटालाच लागू व्हावा. नावात कोठेही ‘जीझेड’ ही अक्षरे आली की प्रसरण करावे असा सैल नियम केला, तर त्या अक्षरांचे निराळेच नाव असलेली साधी फाइलही आज्ञावली उघडू पाहील. म्हणून प्रत्ययाआधीचे टिंब आणि नावाचा शेवट हे दोन्ही नियमात नमूद करावे लागतात.

दुसरे पथ्य अक्षरांच्या आकाराचे. युनिक्स जातीच्या संगणकांवर मोठा ‘झेड’ व लहान ‘झेड’ ही वेगळी अक्षरे मानली जातात. एकट्या मोठ्या ‘झेड’चा प्रत्यय ‘कॉम्प्रेस’ या जुन्या पद्धतीचा आहे. ‘जीझेड’ ही पद्धत त्याहून निराळी.

तिसरे पथ्य असे की, कोष्टकात बदल केल्यावर तो बदल अमलात आणण्याची आज्ञाही द्यावी लागते. ईमॅक्समध्ये ही सोय आधीच चालू असताना कोष्टक हाताने बदलले, तर ते अद्ययावत करण्याची वेगळी आज्ञा आहे. ती न दिल्यास जुनाच नियम चालू राहतो आणि नवा नियम चुकला असे वाटून वापरणारा गोंधळात पडतो.

जीझिप आज्ञावलीचे वागणेही प्रत्ययावर अवलंबून आहे. फाइलीला ओळखीचा प्रत्यय नसेल, तर ‘अपरिचित प्रत्यय’ अशा अर्थाचा संदेश देऊन ती फाइल तशीच सोडून देते. प्रत्यय निराळा असल्यास तो कोणता, हे तिला एका पर्यायाने सांगता येते. आणखी एक बाब अशी की, प्रसरण झाल्यावर ही आज्ञावली मूळची आकुंचित फाइल काढून टाकते. ती ठेवायची असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. मूळ प्रत जपणे हे ज्या कार्यालयाचे कर्तव्य आहे, तेथे हा पर्याय विसरून चालणार नाही.

नकाशाच्या कामात ‘क्यूजीआयएस’ ही मुक्त आज्ञावली बरीच वापरली जाते. ती फाइली वाचण्यासाठी ‘जीडीएएल’ या दुसऱ्या आज्ञावलीचा आधार घेते. जीडीएएलच्या २.१.२ या आवृत्तीपासून झिप केलेली उंचीची फाइल न सोडवताही थेट वाचता येते. मात्र त्यासाठी अट आहे. गाठोड्याचे नाव ‘एन२१ई०८०’ने सुरू होऊन ‘.एचजीटी.झिप’ने संपले पाहिजे आणि आतील फाइलीचे नावही त्याच चौकोनाचे असले पाहिजे.

न दिसणारा प्रत्यय

विंडोज संगणकांवर परिचित प्रत्यय पडद्यावर न दाखवण्याची व्यवस्था सामान्यतः चालू असते. त्यामुळे ‘एन२१ई०८०.एचजीटी.झिप’ ही फाइल ‘एन२१ई०८०.एचजीटी’ अशीच दिसते. पाहणाऱ्यास ती आधीच सोडवलेली आहे असे वाटते आणि नकाशाच्या आज्ञावलीत ती उघडत नाही, म्हणून तो फाइलीस दोष देतो. यावर उपाय सोपा आहे. फाइलींच्या खिडकीतील ‘व्ह्यू’ या विभागात फाइलीच्या नावाचे प्रत्यय दाखवण्याचा पर्याय आहे. तो एकदा चालू केला की पूर्ण नाव दिसू लागते. ज्या संगणकावर बाहेरून आलेल्या फाइली उघडल्या जातात, तेथे हे पहिले काम समजावे. टपालातून आलेली घातक फाइलही पुष्कळदा दोन प्रत्ययांच्या आडोशाने येते. तिचे नाव अहवालाचे दिसते. तिचा शेवटचा, न दिसणारा प्रत्यय मात्र चालवण्याच्या आज्ञावलीचा असतो. अनोळखी लखोटा आपोआप उघडू देऊ नये, ही आवक लिपिकाची सावधगिरी येथेही उपयोगी आहे.

प्रत्यय एक, अंतरंग दुसरे

प्रत्यय ही केवळ वरची चिठ्ठी आहे. ती कोणीही बदलू शकतो. फाइलीचे खरे स्वरूप तिच्या आरंभीच्या काही अंकांवरून कळते. जीझिप फाइलीचे पहिले दोन बाइट ठरलेले असतात. झिप फाइलीचा आरंभ सामान्यतः ‘पी’ व ‘के’ या दोन अक्षरांनी होतो; ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. काही आज्ञावली चिठ्ठी न पाहता ही अंतर्गत खूणच वाचतात. उदाहरणार्थ, ‘टार’ या गाठोडे बांधणाऱ्या आज्ञावलीची ग्नू आवृत्ती गाठोडे सोडवताना त्याचे आकुंचन अंतर्गत खुणेवरून ओळखते. बांधताना मात्र प्रत्ययावरून पद्धत निवडावी असे तिला सांगावे लागते. तसे न सांगता नुसते ‘.टार.जीझेड’ असे नाव दिले, तर नाव आकुंचिताचे आणि अंतरंग साधे अशी फाइल तयार होते.

असाच विसंवाद माहिती उतरवून घेतानाही उद्भवतो. ज्या संगणकावरून फाइल दिली जाते, त्याने ‘जीझेड’ हा फाइलीचा प्रकार आहे असे सांगितले, तर ब्राउझर ती तशीच साठवतो. परंतु ते केवळ वाहतुकीपुरते वेष्टन आहे असे सांगितले, तर ब्राउझर वाटेतच ते काढून टाकू शकतो. अशा वेळी नावात ‘जीझेड’ राहून जातो व फाइल मात्र आधीच प्रसरण पावलेली असते. पुढे जीझिप तिला उघडू लागली की ‘ही फाइल जीझिप स्वरूपाची नाही’ असा संदेश येतो. फाइल बिघडली असे समजून ती टाकून देण्याचे अशा वेळी कारण नसते. अंतरंग तपासून केवळ नावातील जादा प्रत्यय काढला की काम होते.

नाव बदलल्याचा परिणाम

उंचीच्या या फाइलीचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. तिच्या आत स्थानाची कोणतीही नोंद नसते. उत्तरेकडून दक्षिणेकडे एकाखाली एक ओळी आणि प्रत्येक ओळीत उंचीचे आकडे, एवढेच तिच्यात असते. गावांची नावे, नद्या, राज्यांच्या सीमा यांपैकी काहीही त्यात नाही. ही उंची पृथ्वीवर कोणत्या ठिकाणची आहे, हे केवळ फाइलीच्या नावावरून कळते.

समजा, सोयीसाठी कोणी आकुंचित फाइलीचे नाव ‘लांजी.एचजीटी.जीझेड’ असे ठेवले. प्रसरण करताना जीझिप सामान्यतः शेवटचा प्रत्यय काढून उरलेले नावच फाइलीस देते. हाती येते ती ‘लांजी.एचजीटी’. नाव मराठी माणसास स्पष्ट आहे; परंतु जीडीएएलला त्यातून अक्षांश-रेखांश मिळत नाहीत आणि ती फाइल नाकारते. मूळ नाव आकुंचित फाइलीच्या आत नोंदलेले असल्यास ते परत आणण्याचा पर्याय जीझिपमध्ये आहे. तो वापरल्यास चूक सुधारता येते.

याहून धोकादायक चूक म्हणजे नाव दुसऱ्याच चौकोनाचे पडणे. लांजीच्या उत्तरेकडील लगतचा चौकोन ‘एन२२ई०८०’ हा आहे आणि बैहर त्यात येते. नकलेच्या घाईत ‘२२’च्या जागी ‘२१’ पडले, तर प्रसरण निर्वेध होईल, फाइलीचा आकारही बरोबर असेल आणि संगणक कोणतीही तक्रार करणार नाही. पडद्यावर मात्र लांजीच्या धानाच्या शेतांवर बैहरचे पठार उभे राहील. त्यावरून काढलेला पाण्याचा ओघ वेगळ्याच दिशेने जाईल. फाइल न उघडल्यास माणूस सावध होतो. चुकीची फाइल व्यवस्थित उघडली, तर त्याला सावध करणारे कोणी राहत नाही.

तपासणीचा क्रम

अशा चुका टाळण्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

प्रथम, प्रसरणापूर्वी जीझिपच्या चाचणीच्या पर्यायाने फाइल अखंड आहे याची खात्री करावी. जीझिप फाइलीच्या शेवटी मूळ मजकुराची पडताळणी-संख्या नोंदलेली असते. चाचणीत ती जुळली नाही, तर फाइल वाटेत बिघडली असे समजून ती पुन्हा मागवावी.

दुसरे, प्रसरणानंतर आकार मोजावा. तीन सेकंदांच्या अंतराने, म्हणजे सुमारे ९० मीटरवर एक याप्रमाणे, उंची दिलेल्या फाइलीत १२०१ ओळी व प्रत्येक ओळीत १२०१ आकडे असतात. प्रत्येक आकड्यास दोन बाइट लागतात. म्हणून अशा फाइलीचा आकार नेमका २८,८४,८०२ बाइट असला पाहिजे. एक सेकंदाच्या, म्हणजे सुमारे ३० मीटर अंतराच्या फाइलीत ३६०१ ओळी व तितकेच स्तंभ असतात आणि तिचा आकार २,५९,३४,४०२ बाइट भरतो. यात एका बाइटचाही फरक पडता कामा नये. हा हिशेब साध्या गुणाकाराने कोणालाही करता येतो.

तिसरे, नकाशा उघडल्यावर ओळखीच्या दोन-तीन ठिकाणांशी तो पडताळून पाहावा. बाघ व वैनगंगा यांचे सखल पट्टे जेथे असावयास हवेत तेथे दिसतात की नाही, हे स्थानिक माणूस एका दृष्टिक्षेपात सांगू शकतो. चौकोनाचे नाव चुकले असल्यास ते येथेच उघडकीस येते. ही तपासणी कोणतीही आज्ञावली आपणहून करीत नाही.

चौथे, मूळ आकुंचित प्रत तिच्या मूळ नावानिशी वेगळी जपून ठेवावी. ‘लांजी’ असे मराठी नाव हवे असल्यास ते खणाला, म्हणजे फोल्डरला द्यावे. फाइलीला देऊ नये.

मर्यादेचे भान

सर्व काही बिनचूक झाले, तरी या माहितीची मर्यादा विसरता येत नाही. मोहिमेच्या उद्दिष्टातच उंचीतील १६ मीटरपर्यंतची तफावत गृहीत धरलेली होती. शिवाय रडारने बऱ्याच अंशी वरचा पृष्ठभाग पाहिला. त्यामुळे दाट जंगलाच्या भागात जमिनीच्या उंचीत झाडांच्या उंचीचाही काही अंश मिसळतो. बालाघाटसारख्या वनसंपन्न जिल्ह्यात ही गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. पाणलोटाची सर्वसाधारण कल्पना येण्यासाठी, कोणत्या नाल्याची पाहणी आधी करावी हे ठरवण्यासाठी ही फाइल उपयोगी आहे. बोडीची पाळ कोठे घालावी किंवा पुराची रेषा कोठे आखावी, याचा निर्णय प्रत्यक्ष मोजणीनेच व्हावयास हवा.

आपोआप चालणाऱ्या सोयी कामाचा वेळ वाचवतात, यात शंका नाही. प्रत्यय पाहून फाइल उघडणे ही त्यांपैकीच एक सोय आहे. तिच्यासाठी नियम एकदा नीट घालून द्यावा लागतो आणि तो नियम काय करतो हे वापरणाऱ्यास ठाऊक असावे लागते. नाव पूर्ण वाचणे, आकार मोजणे आणि मूळ प्रत जपणे या तीन सवयी प्रत्येक कार्यालयात सहज रुजू शकतात. त्यासाठी नवीन यंत्राची किंवा वेगळ्या खर्चाची आवश्यकता नाही.